सुभेदारांची देहखूण

गोळी लागलेला माणूस पडतो कसा, यावर त्रिकाल गेम्सच्या कचेरीत आठवडाभर वाद चालला होता. एक गट म्हणायचा मागे पडतो, दुसरा म्हणायचा पुढे. वाद घालणाऱ्यांपैकी कुणी आयुष्यात गोफणीचा दगडसुद्धा नेम धरून मारलेला नव्हता, पण म्हणून कुणाचा आवाज खाली येत नव्हता. शेवटी प्रांजल चौगले वैतागली. "माझ्या वडिलांनाच विचारूया ना," ती म्हणाली आणि सगळ्यांना एकदम आठवलं, की हिचे वडील फौजेत होते.

अशा रीतीनं निवृत्त सुभेदार आनंदा चौगले गडहिंग्लजहून कोल्हापुरात येऊन दाखल झाला. कचेरी उजळाईवाडीच्या माळावर, विमानतळाच्या कुंपणाला लागून होती. पूर्वी तिथं शेरडं चरायची. आता काचेच्या इमारती उभ्या होत्या आणि त्यांच्यात बसून शिकली-सवरलेली मुलं दिवसभर लढाया करत होती.

'हिमकडा' हा त्यांचा नवा गेम. भिंतीएवढ्या पडद्यावर बर्फाचा कडा दिसत होता आणि पाठीवर बोजा घेतलेले जवान त्यावरून हरणासारखे पळत होते. पळता पळता गोळ्या झाडत होते, वर घोषणाही देत होते.

"ती रायफल बघा, सुभेदारसाहेब," सर्वेश उपाध्ये म्हणाला. हा कंपनीचा मालक. घरात लग्नकार्य असल्यासारखा कायम उत्साहात. "एकेक स्क्रू खरा आहे."

"स्क्रू बरोबर हाईत," आनंदा म्हणाला. "माणसं चुकल्यात."

"म्हणजे?"

"त्या उंचीवर चार पावलं टाकली, की माणूस गुडघ्यावर हात ठिवून उभा ऱ्हातो. पळणार कुठनं? आन घोषणा द्यायला छातीत वारं लागतं."

"आणि शत्रू?"

"त्यो दिसत न्हाई. दिसला तर मुंगीएवढा. बहुतेक वेळ काहीच होत न्हाई. बसायचं. मोजे वाळवायचे. कुणाच्या रजेचं काय झालं ते बोलायचं."

"मोजे वाळवायचा गेम कोण विकत घेणार हो?" सर्वेशनं विचारलं आणि सगळे हसले. आनंदाला राग आला नाही. त्याला राग येऊन बरीच वर्षं झाली होती.

"आबा, आणि पडतो कसा?" प्रांजलनं मुद्द्यावर आणलं.

"पोतं सोडल्यागत. जागच्या जागी."

वाद मिटला. दोन्ही गट हरले.

प्रांजलनं बापाला बोलावलं ते काही पडायचं कसं हे विचारायला नव्हे. तिला बाप हवा होता. आनंदा सरहद्दीवरच्या त्या उंच चौकीवरून परत आला तेव्हा ती दुसरीत होती. चौकीवर जाण्याआधीचा बाप तिला अंधूक आठवायचा: शेरडासारखा ओरडून दाखवणारा, तिला उचलून आढ्याला हात लावू देणारा. परत आला तो सभ्य, शांत, वेळेवर जेवणारा माणूस. कधी हात उगारला नाही, कधी दारूला शिवला नाही. बायका शालनला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. आणि शालन म्हणायची, "व्हय, नशीबच. दगडाच्या देवासंगं संसार हाय माझा, नैवेद्य दाखवायचा आन आपणच खायचा." आनंदाची स्वतःची आई वारली तेव्हा त्यानं सगळी व्यवस्था चोख केली, पाहुण्यांच्या चहापाण्यापर्यंत. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. प्रांजल विद्यापीठात पहिली आली, तेव्हा तो म्हणाला, "बरं." कुणी वारलं तरी बरं, कुणी जन्मलं तरी बरं. या 'बरं'च्या पलीकडे काय आहे, ते प्रांजलला बघायचं होतं आणि ते दाखवणारं यंत्र तिच्या हाताशी होतं.

यंत्र दिसायला अगदी साधं. मफलरसारखा मानेभोवती गुंडाळायचा एक पट्टा. आपल्या मेंदूतून एक नस निघते, गळ्यातून खाली उतरते आणि हृदय, फुप्फुसं, आतडी अशी सगळ्यांच्या दारावरून फिरत जाते. तिच्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी भटकी. माणूस घाबरला, दचकला, सुखावला, की तोंडाच्या आधी या भटकीला कळतं. पट्टा तिची कुजबुज ऐकायचा; जोडीला नाडी, श्वास, तळहाताचा घाम, डोळ्यांच्या बाहुल्या. या सगळ्याचा मिळून जो नकाशा उमटायचा, त्याला त्रिकालमध्ये देहखूण म्हणत. माणूस आठवण विसरेल, लपवेल, रंगवून सांगेल. देहातली खूण जशीच्या तशी राहते, असं त्यामागचं शास्त्र होतं.

खरी करामत पुढची. यंत्र स्वतः प्रसंग रचायचं, सैनिकाला दाखवायचं आणि देहखूण बघून ठरवायचं, की आपण खऱ्या घटनेच्या जवळ सरकलो की लांब गेलो. मग थोडा बदल, पुन्हा दाखवणं, पुन्हा बदल. हजारो वेळा. सैनिकानं तोंड उघडायची गरजच नव्हती. आणि एकदा खूण तंतोतंत जुळली, की तोच पट्टा उलटा चालायचा. खेळणाऱ्याच्या मानेत जाणवणारही नाही एवढी वीज सोडून त्याच्या देहात तीच खूण उठवायचा. सैनिकाच्या देहाला जे झालं, ते गादीवर बसून खेळणाऱ्याच्या देहाला व्हायचं.

"एकच गोष्ट याला कळत नाही, आबा," पट्टा बांधताना प्रांजल म्हणाली. "किती होतंय ते कळतं. कशानं होतंय ते नाही कळत."

"बरं," आनंदा म्हणाला.

पहिले काही आठवडे यंत्रानं त्याच्यावर तोफा डागल्या, सुरुंग उडवले, रक्ताचे सडे घातले. आनंदा खुर्चीत बसून बघत राहिला. मधल्या सुट्टीत भाकरी खाल्ली, पुन्हा येऊन बसला. आलेख ढिम्म हलेना.

"इतर सैनिकांचे आलेख बघा, सह्याद्री दिसतो," सर्वेश म्हणाला. "सुभेदारसाहेबांचा म्हणजे कळंबा तलाव. पट्टा बिघडलाय का?"

पट्टा बिघडलेला नव्हता. प्रांजलनं आलेख ताणून बघितला तेव्हा तिला दिसलं, की रेघ सपाट नाहीच. ती खाली उतरतेय. स्फोट झाला की इतरांची नाडी धावायची, आनंदाची मंदावायची. श्वास अडायचा, बोटं गार पडायची. तिनं बापाला समजावून सांगितलं: संकट आलं की देह लढतो, नाहीतर पळतो. दोन्ही शक्य नसेल, तर तिसरा मार्ग असतो. भटकी नस सगळं थंड करून टाकते, म्हणजे जे व्हायचं ते होताना जाणवू नये. सापडलेला उंदीर मांजराच्या तोंडात निपचित पडतो तो असा.

"घरातला मेन स्विच पाडावा, तसं झालंय आबा. फक्त नंतर तो परत कुणी वर केलाच नाही."

"असंल," आनंदा म्हणाला. त्याला ते पटलं. आपल्या बाबतीत एखादी गोष्ट पटणं आणि तिचं वाईट वाटणं यांचा त्याच्या लेखी संबंध राहिला नव्हता.

यंत्राला कंटाळा येत नाही. युद्धातलं सगळं संपल्यावर ते युद्धाबाहेरचे आवाज चाचपडायला लागलं: दारं, गाड्या, पक्षी, भांडीकुंडी. एका दुपारी त्यानं कुकरची शिट्टी वाजवली.

आलेखाची रेघ विहिरीत बादली सोडावी तशी खाली गेली. आनंदा हलला नाही, पण त्याचे ओठ पांढरे पडले. खोलीतले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. प्रांजल मात्र दुसरीकडेच कुठेतरी बघत होती.

"आपल्या घरात कुकर नाही," ती पुटपुटली. "आई म्हणते, आबांना कुकरचा भात बाधतो."

शालनला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आनंदा परत आल्यावर एकदा शिट्टी झाली, तो उठून परसात गेला आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी शालननं कुकर माळ्यावर टाकला आणि चुलीवर पातेलं चढवलं. एवढंच.

आता यंत्राला वाट सापडली होती. शिट्टीमागोमाग त्यानं स्टोव्हचा भरभर आवाज आणला, मग वाळत टाकलेले लोकरीचे मोजे, मग बर्फाच्या भिंतीवरचा निळसर उजेड. रेघ प्रत्येक वेळी आणखी खाली. नजरेच्या कडेला, जमिनीवर, कुणीतरी आडवं झालेलं. आणखी खाली. हातात ताटली. महिना सरायच्या आत एक आख्खा प्रसंग पडद्यावर उभा राहिला आणि आनंदा त्याबद्दल एक शब्दही बोललेला नव्हता.

घडलं होतं ते असं. त्या बंकरात दोघंच होते, आनंदा आणि चंदगडचा बसवंत गावडे. बसवंत नकला फार छान करायचा. कमांडरसाहेबांची करायचा आणि कमांडरसाहेबांच्या कुत्र्याचीही. इतक्या उंचीवर उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही, म्हणून प्रत्येक चौकीत कुकर. बसवंतनं खिचडी लावली आणि पाण्यासाठी बर्फ आणायला डबा घेऊन बाहेर पडला. तोफगोळा आला. आनंदानं त्याला ओढत आत आणलं. तपासण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक. आनंदानं उठून स्टोव्ह बंद केला, कारण चौकीवर रॉकेल जपून वापरायचं असतं. बाहेर मारा चालूच होता, कुठे जाता येत नव्हतं. वाफ गेल्यावर त्यानं झाकण काढलं, ताटलीत वाढून घेतलं आणि तो जेवला. खिचडीत मीठ बरोबर पडलं होतं. हे त्याला पक्कं आठवत होतं. बाकी त्या दिवसाबद्दल त्याला काही वाटत नव्हतं. आणि त्या दिवसापासून पुढे कशाबद्दलच नाही.

पडद्यावरचा जवान ताटली घेऊन बसला होता. प्रांजलनं तोंडावर हात धरला होता. सर्वेशनं दबक्या आवाजात विचारलं, "सुभेदारसाहेब, यात काही राहिलंय का?"

इथं आनंदाची चूक झाली. फौजेत गस्तीवरून परतलेल्या माणसाला वरिष्ठ विचारतात, काही राहिलं का? आणि जे राहिलं असेल ते सांगायचं असतं. अर्धा रिपोर्ट देणारा माणूस पुढच्याचा जीव घेतो, हे आनंदानं पोरसवदा शिपायांना वर्षानुवर्षं बजावलं होतं. त्यामुळे प्रश्न आला तसं उत्तर गेलं.

"कुकरचा दांडा डावीकडं होता," तो म्हणाला. "आन त्याचे पाय माझ्याकडं होते, डोकं न्हवं."

यंत्रानं दांडा फिरवला, देह फिरवला. खूण शंभर टक्के जुळली. आनंदानं सही केल्यासारखंच ते झालं.

त्यानंतर चाचणी सुरू झाली. खेळणारी मुलं तो प्रसंग खेळून बाहेर यायची, पट्टा काढायची आणि गप्प बसायची. घाबरलेली नव्हेत, दुःखी नव्हेत. नुसती गप्प. संध्याकाळपर्यंत ओसरायचं. पण त्यांतल्या एकानंही गेम पुन्हा मागितला नाही आणि सर्वेशचा चेहरा पहिल्यांदाच पडला. मग कुठल्याशा परदेशातल्या, भाड्यानं बंदूकवाले पुरवणाऱ्या एका कंपनीनं हे ऐकलं आणि त्यांचा माणूस विमानानं आला. त्यांना गेम नकोच होता. भरती होणाऱ्या पोरांना आधीच असं थंड करून पाठवता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. देवीची लस टोचत तसं. सर्वेशचा चेहरा पुन्हा लग्नघरासारखा झाला.

आनंदानं हे सगळं ऐकलं. चूक की बरोबर ते त्याला कळत होतं, बोचत नव्हतं. बोचलं ते पुढच्या मंगळवारी.

त्या दिवशी प्रांजल स्वतः तो प्रसंग खेळली. दुपारी दोघं बापलेक कॅन्टीनमध्ये जेवायला बसले होते. शालननं घरून भाकरी आणि वांग्याची भाजी दिली होती. तेवढ्यात तिचा फोन आला. फोन टेबलावर होता, आवाज मोठा होता, आणि शालन रडत होती. तिच्या भावाला, प्रांजलच्या मामाला, हृदयाचा झटका आला होता. दवाखान्यात नेलाय, डॉक्टर काही सांगत नाहीत, तुम्ही दोघं आधी निघा. याच मामानं प्रांजलला खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या होत्या, कॉलेजला असताना दर रविवारी डबा आणून दिला होता.

"बरं," प्रांजल म्हणाली.

फोन ठेवून तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. शांतपणे. मग म्हणाली, "भाजीत मीठ बरोबर आहे."

आनंदा घाबरला. गळ्यात पट्टा नव्हता, समोर यंत्र नव्हतं, तरी घाबरला. इतक्या वर्षांनी आलेली भीती त्यानं लगेच ओळखली. समोर बसलेली पोर त्याच्यासारखी बोलत होती, त्याच्यासारखी जेवत होती. शालनच्या घरात आता दगडाचे दोन देव होणार होते.

मामा वाचला. पण इतरांचं जे संध्याकाळी ओसरायचं, ते प्रांजलचं ओसरेना. दवाखान्यात तिनं कागदपत्रं बघितली, औषधं आणली, आईला पाणी दिलं आणि मामाच्या उशाशी बसून मोबाईल चाळत राहिली. शालननं तिच्याकडे बघितलं, मग आनंदाकडे बघितलं. कोल्हापूरला परतल्यावर यंत्रानं कारणही सांगितलं. बापाची नस आणि लेकीची नस इतकी मिळतीजुळती होती, की खूण तिच्या देहात जाऊन घट्ट बसत होती. खाण तशी माती, असं आपण उगाच नाही म्हणत. आणि सर्वेशला वाटलं, ही तर पर्वणीच. पुढचा सगळा हिवाळा प्रांजलनं रोज खेळावं, म्हणजे खूण अगदी बारकाईनं घोटून घेता येईल. प्रांजल तयार झाली.

आनंदानं तिला गाठलं. कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात ती उभी होती.

"पोरी, हे सोड."

"का?"

"नगं. एवढं ऐक."

"आबा, मी इतकी वर्षं वाट बघितली. तुम्ही काय झालं ते सांगितलं नाहीत, आईला नाही, मला नाही. आता आतून कळायला लागलंय तुम्हाला कसं वाटतं ते. म्हणजे कसं वाटत नाही ते. पहिल्यांदा मला माझे वडील कळतायत. आणि तुम्ही म्हणताय सोड?"

"कळून काय करणार?"

"तुमच्याजवळ येईन."

आनंदाला सांगायचं होतं, की तिथं जवळ असं काही नसतं. तिथं कुणी कुणाच्या जवळ येत नाही, दोघं असले तरी. त्यानं तोंड उघडलं, पण असलं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"माणसानं असं ऱ्हाऊ ने," एवढंच तो म्हणाला.

"तुम्ही राहिलात की."

ती आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि हेच सगळ्यात वाईट होतं. प्रांजल लहानपणापासून तापट.

घोटण्याच्या कामाआधी एक शेवटची पायरी होती. काही महिन्यांत देह बदलतो, जुन्या खुणा शिळ्या होतात. म्हणून सुभेदारांना आख्खा गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवून ताजी देहखूण घ्यायची आणि तीच अखेरची मानायची, असा कंपनीचा नियम होता. त्या सकाळी आनंदा बसमधून उतरला. कचेरीच्या फाटकाशी रस्त्याचं काम चाललं होतं. तिथल्या ढिगातून त्यानं काळ्या दगडाची एक धारदार कपची निवडली आणि बूट काढून अंगठ्याखाली ठेवली.

भरती झाल्यावर एका म्हाताऱ्या हवालदारानं शिकवलेली ही युक्ती. पहाऱ्यावर डोळा मिटायला लागला, की अंगठा दाबायचा. मन झोपलं तरी पाय जागा असतो. मनाचं माहीत नाही, पण आनंदाचा पाय अजून शाबूत होता.

पट्टा बांधून तो खुर्चीत बसला. शेजारी प्रांजल, मागे सर्वेश. पडद्यावर जवान हरणासारखे पळायला लागले. आनंदानं अंगठा दाबला. कळ डोक्यात गेली. पहिला स्फोट झाला, त्यानं आणखी दाबलं. घोषणा झाल्या, दाबलं. बंदुकीचा घोडा ओढला गेला, शत्रूचा झेंडा खाली आला, जखमी जवानानं मरता मरता लांबलचक भाषण केलं, दाबलं, दाबलं, दाबलं. नाडी धावली, तळहात भिजले, कपाळावर घाम आला.

"अरे वा!" सर्वेश ओरडला. "सह्याद्री!"

मग कुकरचा प्रसंग आला. शिट्टी झाली आणि देह आपल्या ओळखीच्या वाटेनं खाली निघाला, तसा आनंदानं टाचेचा जोर देऊन पाय पुढं रेटला. मोज्यात ओलसर लागलं. रेघ उतरेना, चढेना, कोंबडीनं उकरल्यासारखी वेडीवाकडी झाली. यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि मग निकाल दिला: हा प्रसंग जुळत नाही. आधीची खूण योगायोगाची असावी. प्रसंग वगळावा.

सर्वेशला तर दोन्ही हातांनी टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. परदेशी माणूस काय, येईल आणि जाईल. पण असा गेम हातोहात खपणार होता. 'खऱ्या सुभेदाराच्या देहानं तपासलेला,' जाहिरातीची ओळ त्यानं तिथल्या तिथे तयार केली. पळणं तसंच ठेवूया, घोषणाही ठेवूया, साहेबांच्या देहाला ते खरं वाटतंय म्हटल्यावर आपण कोण? असं म्हणत तो फोन लावायला बाहेर पळाला.

खोलीत दोघंच उरली. प्रांजलनं बापाच्या मानेवरचा पट्टा सोडला आणि ती आलेखाकडे बघत राहिली. पडद्यावर एकामागून एक सुळके उभे होते, गेमच्या दुकानात उभ्या असलेल्या कुठल्याही पोराचे असतील तसे.

"आबा," ती म्हणाली, "तो बंकर. ती खिचडी. ते झालं होतं ना?"

आनंदानं आयुष्यात खोटा रिपोर्ट दिला नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "यंत्रानं काय तरी जुळवलं."

"पण दांडा डावीकडं होता म्हणालात."

"उगंच बोललो. समदी बघत हुती माझ्याकडं."

"मग इतकी वर्षं? घरात कुकर नाही ते?"

"भात बाधतोय मला कुकरचा."

ती त्याच्या डोळ्यांत शोधत राहिली. पण तिचं शिक्षण तिला सांगत होतं, की माणूस खोटं बोलतो, खूण खोटं बोलत नाही; आणि खूण समोर होती.

"म्हणजे तुम्हाला नुसती भीती वाटायची," ती म्हणाली. "बॉम्बची. सगळ्यांना वाटते तशी."

"व्हय."

"आणि घरी... आमच्याशी... ते काहीच नव्हतं? तुम्ही असेच आहात?"

"असाच हाय."

प्रांजलचा चेहरा आधी लाल झाला. तिनं पट्टा टेबलावर आपटला. "मला वाटलं होतं मला तुम्ही सापडलात," ती ओरडली आणि मग ओठ मुडपले, खांदे हलायला लागले. ती खुर्चीत बसून हमसून हमसून रडायला लागली, जत्रेत हात सुटलेल्या पोरीसारखी.

आनंदा लक्ष देऊन बघत होता. आवाज चढला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकही वाहत होतं. श्वास लागत होता, हात थरथरत होते. सगळं जिथल्या तिथं होतं. काही राहिलं नव्हतं.

अशा वेळी पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो, हे त्याला माहीत होतं. तो लंगडत तिच्याजवळ गेला आणि त्यानं ठेवला.